बाळंतिणीच्या खोलीची ऊब : कामाच्या नोंदी

९ ऑक्टोबर

मोठी पोरगी पहिल्या बाळंतपणाला घरी येणार. डॉक्टरांनी ८ डिसेंबर तारीख दिली आहे, म्हणजे बाळ ऐन थंडीत. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या अलीकडे. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या, चौथ्या बाजूला बोडी, म्हणजे लहान तळं. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना मे महिना आठवतो. पण डिसेंबरात पहाटे बोडीवरून जो वारा सुटतो तो हाडात शिरतो. थंडीच्या दिवसांत विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात गोंदियाचं नाव कितीदा तरी येतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी आमच्या खळ्यातले कापलेल्या धानाचे पुंजणे वरून पांढरे दिसत होते.

बाळंतिणीसाठी मागची खोली ठरली. १० फूट बाय १२. मातीच्या भिंती, दीड हात जाड. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. एक दार मधल्या घरात, एक खिडकी वाडीकडे. ही खोली दोन महिन्यांत उबदार करायची. चक्कीच्या उधारीच्या वहीत मागची पानं कोरी आहेत, तिथेच हे लिहीत जाईन.

१२ ऑक्टोबर

विषय काढताच आई म्हणाली, "त्यात कायचा इचार करतं? सिगडी आहे ना. बाजेखाली इंगळ ठेवले, ओवा टाकला, का झालं."

आईने गावातली चाळीसेक बाळंतपणं हाताळली आहेत. तिच्या शब्दाला मान आहे आणि तो असलाच पाहिजे. म्हणून तिथे काही बोललो नाही. पण सिगडी नाही, हे माझं पक्कं आहे. का, ते उद्या-परवा निवांत लिहितो. आज चक्कीवर गर्दी आहे.

१५ ऑक्टोबर

ही गोष्ट २६ वर्षांपूर्वीची, याच खोलीतली. जी आता येणार आहे ती तेव्हा नऊ दिवसांची होती. जानेवारीची रात्र. आईने कोळशाची सिगडी चांगली पेटवून, धूर गेल्यावर, लाल इंगळ झाल्यावर बाजेखाली ठेवली. वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दार लावून घेतलं. पहाटे पोरीच्या आईला जाग आली ती डोकं फुटतंय असं म्हणत. उठून दारापर्यंत आली आणि उंबरठ्यावर कोसळली. ओकारी. मी पोरीला उचललं तर ती रडेना, मान टाकलेली. अंगणात आणून उघड्या वाऱ्यात धरली, पाठ चोळली, तेव्हा कुठे बारीक आवाज निघाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

घरात सगळे म्हणाले दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

खरं कारण मला फार नंतर कळलं. कोळसा बंद खोलीत जळताना हवा पुरत नाही, मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून माणूस श्वास घेत असतो आणि अंगाला हवा मिळत नसते. धूर गेला की सिगडी निर्धोक झाली, असं आपल्याकडे मानतात. ते चूक आहे. धुराने माणूस निदान खोकून उठतो. लाल, शांत इंगळ झोपेतच घात करतात.

आईला हे सांगायचं आहे. पण त्या रात्रीची सिगडी तिने ठेवली होती, हे तोंडावर न आणता.

१९ ऑक्टोबर

काय काय करता येईल ते पाहत आहे. भाचा फौजेत आहे, काश्मिरात होता. तो म्हणतो, मामा, बुखारी बसवा, पत्र्याची बंद शेगडी, धूर पाइपाने छताबाहेर. वस्तू चांगली. पण आपल्या छताला वासे, बांबू आणि कवेलू. तापलेला पाइप त्यातून न्यायचा म्हणजे आगीशी खेळ, आणि पाइप कुठे फुटला तर तोच विषारी वायू पुन्हा आत. बाद.

गॅसचा हीटरही बाद. तीही खोलीतलीच आग.

गरम-थंड दोन्ही करणारा एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी ऊब देतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. हिशोबाने सगळ्यात उत्तम तोच. पण किंमत आवाक्याबाहेरची, आणि कवेलूच्या फटीतून ऊब निघून जाणार असेल तर एसी काय करील?

राहिले विजेचे साधे हीटर. दांडीवाला, पंख्याचा आणि तेलाचा. विजेची ऊब तिन्हींत सारखीच, १००० वॉटचा हीटर तासाला एक युनिट खाणार आणि तेवढीच उष्णता देणार. दुकानदार कितीही सांगो, यात कमी-जास्त काही नाही. फरक आहे तो ऊब कशी मिळते यात. दांडीवाला समोरच्याला भाजतो आणि पाठ गार ठेवतो, शिवाय लाल दांडीजवळ लंगोट वाळत घालायचा मोह कोणाला तरी होणारच. पंख्याचा लगेच गरम करतो, पण रात्रभर घरघर. तेलाच्या हीटरमध्ये तेल जळत नाही, ते आत कोंडलेलं असतं आणि तापून पाती गरम ठेवतं. उजेड नाही, आवाज नाही, बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास ऊब राहते. मन तिकडेच आहे.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सफाईत खोली रिकामी केली. दुपारी दार-खिडकी लावून आत अंधारात उभा राहिलो आणि वर पाहिलं. कवेलूंमधून उजेडाचे ३१ ठिपके मोजले. भिंत आणि वासे यांच्यामध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा सलग. उन्हाळ्यात हीच जागा खोली थंड ठेवते. हिवाळ्यात हीटर लावला असता तर सगळी ऊब इथूनच वर गेली असती.

म्हणजे हीटर नंतर. आधी छत.

२७ ऑक्टोबर

बुरडाकडे गेलो. बांबूचे तट्टे सांगितले, ६ बाय १० चे दोन, दाट विणीचे. त्याने विचारलं, "भाऊ, ढोलीसाठी का?" म्हणजे धान साठवायच्या कणगीसाठी. म्हटलं नाही, छताखाली मारायचे आहेत. तो म्हणाला, मग आतली साल बाहेर नको, हिरवी बाजू खाली घ्या, कीड कमी लागते. हे मला माहीत नव्हतं.

एक विचार होता, तट्ट्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरावी. ऊब धरायला तणसीसारखं काही नाही, गाई-वासरंही त्यातच बसतात. पण उंदीर होतील, आणि वायरिंगजवळ वाळकी तणस नको. त्याऐवजी मातीचा लेप द्यायचं ठरवलं.

४ नोव्हेंबर

तट्टे आठ फुटांवर आडव्या बल्ल्यांना बांधले. काल आणि आज लेप. बोडीतली चिकण माती दोन दिवस भिजवली, त्यात शेण आणि धानाचा कोंडा. आईने हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "कोंडा कमी हाय, तडकंल." अजून दोन सुपं कोंडा टाकला. ती खाली बसून गोळे करून देत होती, मी शिडीवर. अंगठ्याने तट्ट्याच्या विणीत माती दाबायची, मग तळव्याने सपाट. वरून बोटभर जाडीचा थर. कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, जिथे हात जायचा तिथे आधी गोणपाटाच्या पट्ट्या मातीत बुडवून ठोसल्या.

शिडीवर असताना, खाली न बघता, मी आईला त्या रात्रीचं सांगितलं. दृष्ट नव्हती, कोळशाचा वायू होता. सिगडी ठेवणाऱ्याची चूक नव्हती, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आई काही बोलली नाही. पुढचा गोळा यायला मात्र वेळ लागला.

९ नोव्हेंबर

लेप वाळला. दोन-तीन बारीक तडे, ते सारवून बुजवले. दाराखाली जाड कापडाची वळकटी. खिडकीला आतून गोधडीचा पडदा. वरची बोटभर फट मात्र मुद्दाम मोकळी ठेवली. आग नसली तरी दोन-तीन माणसं रात्रभर श्वास घेणार, ताजी हवा लागणारच.

पहाटे ५ वाजताचं माप: बाहेर १४, मधल्या घरात १६, मागच्या खोलीत १९.५. एक पैशाची वीज न जाळता साडेतीन अंश. तट्टे, मजुरी, सगळं धरून हीटरच्या किमतीच्या निम्मासुद्धा खर्च आला नाही. थंडीसाठी हीटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी अंधारात उभं राहून छत पाहावं, असं मला फार वाटतं.

१२ नोव्हेंबर

तालुक्याहून तेलाचा हीटर आणला. नऊ पात्यांचा, ८००, १२०० आणि २००० वॉट असे तीन टप्पे, आयएसआयचा शिक्का पाहून घेतला. पडला तर आपोआप बंद होतो, ते दुकानातच आडवा करून बघितलं.

घरी आल्यावर घाई झाली. त्या खोलीत मोठा सॉकेट नाही, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड लावून २००० वर चालवून पाहिला. वीस मिनिटांत जळका वास. बोर्डाचं प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, आणि बोर्ड होता ६ अँपिअरचा. चक्कीची दहा एचपीची मोटर रोज हाताळणारा मी, मला हे कळायला हवं होतं. रात्री सगळे झोपलेले असताना झालं असतं तर? हे नीट लिहून ठेवतो: हीटर एक्स्टेंशनवर कधीच नाही.

१६ नोव्हेंबर

वायरमनभाऊंनी मीटरच्या बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढली. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ४० फूट. १६ अँपिअरचा सॉकेट, जास्त भार आला की वीज तोडणारा त्याचाच एमसीबी, आणि वीज गळून शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सॉकेट बाजेपासून पाच फुटांवर, म्हणजे पांघरूण लोंबून हीटरवर पडणार नाही.

अर्थिंगला वेळ लागला. आरसीसीबी जोडण्याआधी त्यांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा दिवा धरला, तर तो नुसता लाल मिणमिणला. जुना खड्डा कोरडा पडलेला. वाडीत नळाजवळ नवीन खोदला, कोळसा आणि मिठाचे थर दिले, दोन बादल्या पाणी ओतलं. पुन्हा दिवा धरला, आता लख्ख. पोरीची आई बघत होती, म्हणाली, कोळसा खोलीत नको नको म्हणता आणि जमिनीत घालता. म्हटलं, त्याची जागा तीच.

१८ नोव्हेंबर

व्होल्टेज. संध्याकाळी ७ ते ९ आमच्याकडे १८५, कधी त्याहून खाली. रात्री ११ नंतर २२५. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ला २००० वॉट देणारा १८५ ला साधारण १३०० देतो, आणि १२०० चा टप्पा पावणेआठशेवर येतो. म्हणून ठरवलं: संध्याकाळी मोठा टप्पा, अकरानंतर मधला. कागदावर लिहून स्विचच्या वर चिकटवलं.

इन्व्हर्टरचा विचार सोडला. १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी हीटरला तासभरही धड पुरायची नाही. वीज गेली तर काय, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तेच मनाला लागून आहे.

२३ नोव्हेंबर

पोरगी आली. खोलीत पाय ठेवताच म्हणाली, "बाबा, इथं मातीचा वास किती छान येते."

दुपारी आशाताई भेटायला आल्या. वीज गेली तर काय, हे त्यांना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यात चांगला हीटर पोरीजवळच आहे." मग नीट समजावलं. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून दोघांवर पांघरूण. बाळाची मान एका बाजूला, नाक मोकळं. आईच्या अंगाची ऊब थेट बाळाला. आई थकली तर आजी, बापसुद्धा घेऊ शकतो. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला लावायची नाही, कातडी भाजते.

तपासायची रीतही दाखवली. हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला. दोन्ही गरम, तर बाळ ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार, तर धोका, छातीशी धरायचं आणि उशीर न करता दवाखाना गाठायचा. थर्मामीटरने काखेत ३६.५ ते ३७.५ हवं.

बाळ जन्मतं त्या खोलीत किमान २५ अंश असावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मीही घरच्या खोलीसाठी २५ धरले.

आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणार. ही घरी येऊन नवजात बाळ तपासायची पद्धत आपल्या शेजारच्या गडचिरोलीतच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून तिथल्या ३९ गावांत ती राबवली, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, पुढे देशभर आशांना हेच शिकवलं गेलं. २६ वर्षांपूर्वी आमच्या दारात अशी कोणी ताई असती तर दृष्ट काढायची वेळ आली नसती.

२८ नोव्हेंबर

पूर्ण रात्रीची चाचणी. रात्री ९ ते पहाटे ६. बाहेर १२, खोलीत २५ ते २६. हीटर मधूनमधून स्वतःच बंद होतो. मीटरवर ६.५ युनिट पडले. महिन्याला १९५, घरचे ८० धरून २७५. आमच्या बिलात १०० युनिटांच्या वर दर जवळपास दुप्पट होतो आणि ३०० च्या वर आणखी चढतो, तेव्हा ३०० ची वेस ओलांडायची नाही. दिवसा ऊन चांगलं असतं, खिडकी उघडून हीटर बंद.

६ डिसेंबर

मुलगी झाली. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी, तालुक्याच्या दवाखान्यात. दोघी सुखरूप. वजन २ किलो ३००. अडीच किलोच्या आत, म्हणून ऊब जास्तच जपायची असं सिस्टरांनी बजावलं.

९ डिसेंबर

घरी आल्या. मी सकाळीच हीटर लावून ठेवला होता. आशाताईंनी काखेत थर्मामीटर धरला, ३६.८.

आईने बाळाचे पाय हातात घेतले, पालथ्या हाताने पोट बघितलं, पुन्हा पाय. त्या दिवशी आशाताई सांगत होत्या तेव्हा ती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती, ऐकत नाही असं मला वाटलं होतं.

१४ डिसेंबर

रात्री १.४० ला वीज गेली.

मी दाराबाहेर, मधल्या घरात. आत पोरीची आई मोबाइलच्या उजेडात थर्मामीटर वाचून सांगत होती. पंचवीस. अर्ध्या तासाने साडेचोवीस. तेवीस. बाळ पोरीच्या छातीवर, वरून कांबळ. ३.३० ला पोरीला घाम आला, पाठ भरून आली, म्हणून आजीने घेतलं. साडेबावीस. बाहेर ९ होते. ५.१० ला वीज आली तेव्हा खोलीत २२.

साडेतीन तासांत फक्त तीन अंश उतरले. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींनी पाच रात्री जी ऊब पिऊन ठेवली होती ती परत दिली. टिनाच्या खोलीत एवढ्या वेळात बाहेरची थंडी आत आली असती. बाळाचे पाय शेवटपर्यंत गरम होते. मी चहा मांडला, हात थरथरत होते म्हणून थोडा सांडला.

२१ डिसेंबर

शेकाचा प्रश्न सुटला. आईचं म्हणणं होतं, बाळंतिणीच्या कमरेला शेक हवाच, आणि तेही खरंच आहे, पोरीला बरं वाटतं. आता सिगडी सपरीत, उघड्यावर. आई तिथे तव्यावर फडकी गरम करते, आपल्या गालाला लावून बघते, आणि पदराखाली झाकून आत नेते. ओव्याची धुरी मात्र बंद. तिला ते पटलेलं नाही. "आमची लेकरं का मेली का धुरीनं?" असं रोज एकदा म्हणते. धूर बाळाच्या छातीत जाऊ द्यायचा नाही, एवढंच मी पुन्हा सांगतो.

३० डिसेंबर

आतापर्यंतची सगळ्यात गार पहाट, बाहेर ७. खोलीत २४.५. मोठा टप्पा पहाटे तासभर लावावा लागला. बाळ २ किलो ८५०.

१७ जानेवारी

४२ वा दिवस. ३ किलो ४००. आशाताईंनी शेवटची नोंद केली आणि तिळाचा लाडू घेऊन गेल्या. डिसेंबरचं बिल २८३ युनिट.

पोरगी पुढच्या आठवड्यात सासरी जाईल. तिकडची खोली टिनाची, थंडी अजून महिनाभर. जावईबापूंचा फोन आला होता, हीटर सोबत पाठवता का म्हणून. म्हटलं हीटर तर पाठवतोच, पण आधी टिनाखाली तट्टा मारून घ्या. माप विचारलं, ११ बाय १३. बुरडाला सांगून आलो, हिरवी बाजू खाली. सॉकेट किती अँपिअरचा आहे आणि बाजेपासून किती फुटांवर आहे, ते संध्याकाळी मोजून कळवतो म्हणाले.